पंच आणि नियमपुस्तक

पंचाचा निर्णय अखेरचा असतो, हे आम्ही शिक्षक मुलांना क्रीडांगणावर पहिल्याच दिवशी सांगतो. परंतु तो निर्णय त्याने कशाच्या आधारे द्यावा, नियमपुस्तकाच्या की स्वतःच्या विवेकाच्या, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. जगात एक खेळ असा आहे की, ज्याचा दोनशे वर्षांचा इतिहास या एकाच प्रश्नाभोवती फिरत आला आहे. आज त्याचाच थोडक्यात परामर्श घ्यावयाचा आहे.

1824 साली प्रशियाच्या सैन्यातील रायसविट्झ नावाच्या तरुण अधिकाऱ्याने, वडिलांची कल्पना पुढे नेऊन, युद्धखेळाचे नियम प्रसिद्ध केले. नकाशावर लाल व निळ्या तुकड्या मांडावयाच्या, खेळाडूंनी आपल्या आज्ञा पंचाकडे द्यावयाच्या, आणि पंचाने फासा टाकून व कोष्टके पाहून हानी ठरवावयाची. शत्रूचे जेवढे खरोखर दृष्टीस पडेल, तेवढेच खेळाडूला कळे. सेनापती म्यूफलिंग यांना हा खेळ शिक्षणाचे उत्तम साधन वाटला आणि सैन्यात त्याचा प्रसार झाला.

पुढे मात्र कोष्टकांचा भार जाणवू लागला. लढाईपेक्षा हिशेबालाच अधिक वेळ लागे. तेव्हा 1876 साली, पुढे प्रशियाचे युद्धमंत्री झालेल्या फेर्डी दु व्हेर्नुआ यांनी फासे आणि कोष्टके दोन्ही बाजूस सारली. अनुभवी पंचाने प्रसंग पाहून निकाल द्यावा, एवढेच त्यांचे म्हणणे. खेळ वेगवान झाला खरा. पण त्याबरोबरच एक शंकाही उभी राहिली. पंचच अननुभवी किंवा पक्षपाती निघाला तर दाद कोणाकडे मागावयाची?

पंचाला असेच व्यापक अधिकार देणारे ‘स्ट्रॅटेगॉस’ नावाचे पुस्तक टॉटन या अमेरिकन लष्करी अधिकाऱ्याने 1880 साली लिहिले होते. सुमारे ऐंशी वर्षांनंतर डेव्हिड वेसली या तरुणाला ते मिनेसोटा विद्यापीठाच्या ग्रंथालयात सापडले. 1969 साली त्याने ‘ब्राउनश्टाइन’ या काल्पनिक जर्मन गावाचा खेळ मांडला. त्यात कोणी नगराध्यक्ष, कोणी विद्यापीठाचा प्रमुख, अशी एकेकाला भूमिका दिलेली होती. खेळाडू आपापसांत कारस्थाने करू लागले. दोघांनी तर द्वंद्वयुद्धच पुकारले. त्यासाठी नियम कोठेच नव्हता. वेसलीला जागच्या जागी निकाल द्यावे लागले आणि आपला खेळ फसला, असेच त्याला वाटले. खेळाडूंनी मात्र तो पुन्हा मांडण्याचा आग्रह धरला!

त्याच मंडळीतील डेव्ह आर्नेसन याने हा प्रकार किल्ले, भुयारे व राक्षस यांच्या अद्भुत सृष्टीत नेला. गॅरी गायगॅक्स याच्या सहकार्याने 1974 साली ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ तीन लहान पुस्तिकांच्या रूपाने बाजारात आला. पहिल्या खेपेस अवघ्या 1000 प्रती निघाल्या. नियम त्रोटक होते. उरलेली पोकळी पंचाने भरावयाची होती.

हा खेळ चालतो तरी कसा? पंच भुयाराचा नकाशा आधी काढून लपवून ठेवतो. खेळाडूंजवळ कागद, पेन्सिल आणि बळ, बुद्धी, चापल्य इत्यादी सहा गुणांचे आकडे असतात. पंच म्हणतो, “समोर भिंत आहे, वाट संपली.” खेळाडू विचारतो, “जमिनीवरील धूळ कशी दिसते?” “एका जागी अर्धवर्तुळाकार घासल्याची खूण आहे.” येथे फाशाचे काहीच काम नाही. दार सापडते ते विचारणाऱ्याच्या चौकसपणामुळे. फासा निघतो तो निकाल खरोखर अनिश्चित असेल तेव्हाच.

यश आले तसे वाद आले, आणि वादांबरोबर नियम वाढले. सर्वत्र निकाल सारखे लागावेत म्हणून 1977 ते 1979 या काळात तीन जाडजूड ग्रंथ निघाले. त्याच 1977 साली होम्स नावाच्या वैद्यकाच्या प्राध्यापकाने नवशिक्यांसाठी मूळ नियम 48 पानांत सुबोध करून दिले. म्हणजे दोन्ही वाटा एकाच वेळी फुटल्या. पुढे 2000 सालच्या आवृत्तीत शोध घेणे, मन वळवणे यांसाठीही फाशांचे नियम आले. परंतु त्याच वर्षी मिळालेल्या मुक्त परवान्याच्या आधारे 2006 पासून जुन्या, सोप्या पद्धतीचे पुनरुज्जीवनही सुरू झाले.

या इतिहासाकडे मी परीक्षक म्हणूनही पाहतो. एकदा भूमितीच्या उत्तरपत्रिकेत एका मुलाने निराळ्याच मार्गाने सिद्धता दिली होती. नमुना उत्तराशी ती जुळली नाही, म्हणून मी शून्य गुण दिले. दुसऱ्या दिवशी त्याने शांतपणे विचारले, “गुरुजी, चूक कोणत्या पायरीत आहे?” चूक त्याची नव्हतीच. मी कोष्टक पाहिले होते, सिद्धता वाचली नव्हती.

तरीही नियम टाकाऊ आहेत, असे मी म्हणणार नाही. लहरी पंचापासून दुर्बळाचे रक्षण नियमच करतो. म्हणून नियम थोडे असावेत, ते सर्वांना आधी ठाऊक असावेत आणि जेथे ते संपतात तेथे पंचाने आपल्या निर्णयाचे कारण उघडपणे सांगावे. त्या मुलाचे गुण मी वर्गासमोर दुरुस्त केले. त्यानंतर मुले मला अधिक प्रश्न विचारू लागली, आणि माझ्या निर्णयांना हरकत मात्र कमी घेऊ लागली.