बायबलातलं फाडलेलं पान

१७९० चा वसंत. ओहायो आणि मस्किंगम नद्यांच्या संगमावरच्या मॅरिएटात, कँपस मार्शियस नावाच्या लाकडी गढीत तू जात्यावर बसली आहेस. वय चौदा. मूठभर मका टाकलास आणि बुरशीचा वास थेट नाकात गेला. गेल्या शरदात अवेळी हिम पडलं, कणसं भरायच्या आतच गारठली. याच पिठाची भाकरी खाऊन धाकट्या भावाला रात्रभर ओकाऱ्या झाल्या. तरी दळायचं, कारण डब्यात दुसरं काहीच नाही. भाकरीबरोबर खायला आई रानातल्या खाजऱ्या पाल्याचे कोवळे शेंडे खुडून आणते, उकळले की त्यांची आग जाते. नदीपलीकडचे आयझॅक विल्यम्स गरजू घरांना चांगला मका अर्ध्या डॉलरला बुशेल या भावाने देतात. भाव कितीतरी वर गेलेत, तरी ते वाढवत नाहीत, म्हणून तर गाव तगलं आहे.

वडील सांगतात, ही जमीन आपण रक्ताने कमावली. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाचा पगार सैनिकांना रोखीत मिळाला नाही, कागदी प्रमाणपत्रांत मिळाला, आणि त्या कागदांना बाजारात कोणी विचारेना. मग जमिनी विकणाऱ्या ओहायो कंपनीने हजार डॉलरची प्रमाणपत्रं आणि दहा डॉलर सोनं घेऊन जमिनीचा एकेक हिस्सा दिला. १७८८ च्या एप्रिलमध्ये कंपनीचे रुफस पटनम ४८ माणसं घेऊन इथे उतरले. बायका-मुलं मागाहून आली. पण नदीकाठची ही रानं डेलावेअर, शॉनी, वायँडॉट लोकांची, आणि त्यांना हा सौदा मान्य नाही. तुझ्या वडिलांच्या थकलेल्या पगाराची भरपाई या लोकांच्या जमिनीतून झाली, हे गढीत कोणी बोलत नाही. बोलायला हवं होतं.

१७९१ च्या जानेवारीत या लोकांच्या हल्ल्यात नदीच्या वरच्या अंगाची बिग बॉटमची वस्ती उद्ध्वस्त होते, आणि त्यांच्याशी झालेल्या १७९५ च्या ग्रीनव्हिल तहापर्यंत तुझं तरुणपण बहुतेक कुंपणाआतच जातं. तू जवस भिजत घालतेस, कुजल्यावर त्याचे देठ ठेचतेस, लोखंडी दात्यांच्या फणीतून तंतू ओढतेस. बोटं सोलून निघतात. त्या सुताचा सदरा घालून वडील शेतात जातात, पाठीवर बंदूक. पुढे लग्न होतं, आणि कायद्याप्रमाणे तुझ्या नावावर असेल ते नवऱ्याच्या हाती जातं.

आता १८३२ मध्ये ये. वय छप्पन्न. नव्या कायद्याने निदान सहा महिने सेवा केलेल्या म्हाताऱ्या सैनिकांना पेन्शन मिळणार आहे. कागदपत्रं नसतील त्यांनी कोर्टात उभं राहून हकीगत सांगायची. वडिलांना कॅप्टनचं नाव आठवत नाही. तुला आठवतं. चुलीपुढे शंभरदा ऐकलेलं आहे. आदल्या रात्री तू त्यांच्याकडून सगळं घोकून घेतेस: कुठली छावणी, कुठला हिवाळा.

चार वर्षांनी विधवांसाठी कायदा होतो. वडील गेलेत. सेवा संपायच्या आधी लग्न झालं होतं हे आईने सिद्ध करायचं, आणि जिथे लग्न लागलं तिथली नोंद मिळत नाही. तू घरचं बायबल उघडतेस. कुटुंबाच्या पानावर वडिलांच्या हातचं आई-बाबांचं लग्न, १७७५, आणि खाली तुझा जन्म, १७७६. पान शिवणीपाशी धरून तू हळूच फाडतेस. आई दुसरीकडे बघत असते. पान अर्जाला जोडून वॉशिंग्टनला जातं आणि परत येत नाही.

अशी पानं आजही तिथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. १८९० मध्ये 'डॉटर्स ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशन' ही संस्था निघाली, तेव्हा उतारवयात बाप झालेल्या सैनिकांच्या काही लेकी हयात होत्या. संस्थेने त्यांना सोन्याचे चमचे दिले. वडिलांच्या सेवेपोटी पेन्शन घेणाऱ्या शेवटच्या लेक फीबी पामीटर १९११ साली नव्वदाव्या वर्षी वारल्या. तुझ्या वाट्याला चमचा आला नाही, पेन्शनही नाही. तुला शोधायचं तर वडिलांच्या नावाची फाइल मागवावी लागते.