खिओसच्या सामुद्रधुनीतली रात्र

एप्रिल 1822
ग्रीक स्वातंत्र्ययुद्ध सुरू आहे. कपुदान पाशा (आरमारप्रमुख) कारा अलीचे ऑटोमन आरमार खिओस बेटाशी येऊन ठाकते. हजारो ग्रीक मारले जातात, हजारो गुलाम म्हणून विकले जातात.

18 जून, दिवसभर
सामुद्रधुनीच्या उत्तरेला दोन गलबते घुटमळत आहेत. स्मिर्नाला जायला वारा साथ देत नाही, असा देखावा आहे. खऱ्या त्या अग्निनौका. पोटात राळ, गंधक, बंदुकीची दारू. शिडे आणि दोरखंडही टर्पेंटाइनने भिजवलेले. एकीवर प्सारा बेटाचा कॉन्स्टंटिन कानारिस, दुसरीवर आंद्रेआस पिपिनोस.

सूर्यास्तानंतर
रमजान संपत आला आहे. पाशाच्या जहाजावर अधिकारी जमलेत, सगळे आरमार दिव्यांनी उजळले आहे. आभाळात चंद्र नाही.

मध्यरात्र
वारा पाठीशी घेऊन दोन्ही नौका आत शिरतात. कानारिस आपल्या गलबताची पुढची काठी पाशाच्या जहाजाच्या उघड्या तोफखिडकीत घुसवतो, तीही वाऱ्याच्या बाजूने, म्हणजे ज्वाळा थेट शत्रूवर जातील. दारूची वात स्वतःच्या हाताने पेटवतो आणि होडीत उतरतो. खलाशी वल्ही धरून तयारच आहेत.

पुढची काही मिनिटे
आग तोफखिडक्यांतून खालच्या मजल्यात घुसते. सुटकेच्या होड्या गर्दीच्या भाराने बुडतात. पाशा होडीत उतरतो, तेवढ्यात जळती काठी त्याच्यावर कोसळते. मरणासन्न अवस्थेत त्याला किनाऱ्यावर नेतात. पिपिनोसची नौका मात्र लक्ष्यापासून सुटून नुसतीच जळून जाते.

त्यानंतर
आग दारूखान्यापर्यंत पोचते आणि जहाजाच्या चिंधड्या उडतात. मृतांचा आकडा सुमारे 2000 सांगितला जातो.

पुढचे दिवस
सूड म्हणून खिओसच्या दक्षिणेकडची मस्तकी (एक डिंक) पिकवणारी, तोवर वाचलेली गावे उद्ध्वस्त केली जातात. 1824 मध्ये कानारिसचे प्साराही बेचिराख होते.

कानारिस पुढे अॅडमिरल झाला, 1844 मध्ये पहिल्यांदा ग्रीसचा पंतप्रधान झाला आणि 2 सप्टेंबर 1877 रोजी त्याच पदावर असताना वारला. त्याच्या राजकारणाची पुंजी याच रात्रीची होती. त्याचे धाडस निर्विवाद आहे. पण त्या रात्रीचा हिशेब मांडताना दक्षिणेकडच्या त्या गावकऱ्यांनाही त्यात धरलेच पाहिजे, कारण किंमत त्यांनी मोजली.