मरणोन्मुखांचें विश्रामस्थान

ज्युबिलीच्या आनंदसोहळ्यांत मरणाचा विषय काढणें कित्येकांस अप्रशस्त वाटेल. परंतु रोजारीच्या मण्यामण्यागणिक आपण आपल्या मरणसमयाचें स्मरण करितोंच. मग ज्यांचा तो समय जवळ आला आहे, अशांच्या सेवेचा इतिहास या प्रसंगीं आठवला तर तें अनुचित होणार नाहीं.

‘हॉस्पिस’ या शब्दाचें मूळ लॅटिन भाषेंत असून त्याचा अर्थ आतिथ्य असा आहे. मध्ययुगांत यात्रेकरू, वाटसरू व आजारी यांस आसरा देणाऱ्या मठवासीयांच्या धर्मशाळांना हें नांव असे. एकोणिसाव्या शतकांत त्यास निराळा अर्थ आला. त्या काळीं ज्यांचा रोग बरा होण्यासारखा नाहीं, अशा गरिबांना पुष्कळ इस्पितळांत थारा मिळत नसे. फ्रान्सांतील लिओं शहरीं झान गार्निये नांवाच्या तरुण विधवेनें, पति व मुलें गमावल्यावर, १८४२ सालीं विधवांचें एक मंडळ स्थापून अशा निराधारांची शुश्रूषा आरंभिली. आयर्लंडांत मदर मेरी एकेनहेड हिनें १८१५ सालीं धर्मभगिनींचा संघ स्थापिला होता. १८५८ सालीं डब्लिन येथील ज्या मठांत ती मरण पावली, तेथेंच १८७९ सालीं तिच्या भगिनींनीं मरणोन्मुखांसाठीं ‘अवर लेडीज हॉस्पिस’ उघडलें. १९०५ सालीं त्यांनींच लंडनमध्यें ‘सेंट जोसेफ्स हॉस्पिस’ सुरू केलें.

या भगिनींपाशीं दया अपार होती. परंतु असह्य वेदनेवर खात्रीचा उपाय नव्हता. ती उणीव सिसिली साँडर्स या अँग्लिकन बाईंनीं भरून काढिली. १९४८ सालीं त्या लंडनच्या इस्पितळांत रोग्यांच्या अडचणी पाहण्याचें काम करीत असतां, डेव्हिड टास्मा हा पोलंडचा ज्यू निर्वासित कर्करोगानें मरणशय्येवर होता. मरणोन्मुखांसाठीं घर कसें असावें याविषयीं दोघें बोलत. त्या घरांत आपली एक खिडकी असावी, म्हणून त्यानें मागें ५०० पौंड ठेविले. पुढें बाई डॉक्टर झाल्या व १९५८ पासून ‘सेंट जोसेफ्स’मध्यें काम करूं लागल्या. रोगी विव्हळेपर्यंत थांबावयाचें नाहीं. वेदनेनें डोकें वर काढण्यापूर्वींच ठराविक तासांनीं तोंडावाटें मॉर्फिन द्यावयाचें, ही पद्धत त्यांनीं तेथें रूढ केली. देहाच्या वेदनेंत कुटुंबाची काळजी, एकाकीपण व आत्म्याची तळमळही मिसळलेली असते, हें त्यांनीं वैद्यांस पटविलें. १९६७ सालीं त्यांचें ‘सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस’ उघडलें. डेव्हिडची खिडकी तेथें आहे.

अशा औषधानें आयुष्य तुटेल, मग तें पाप नव्हे काय, अशी शंका भाविकांस येते. पोप बारावे पायस यांनीं १९५७ सालींच निर्वाळा दिला कीं, हेतु मरणाचा नसून वेदना शमविण्याचा असेल, दुसरा उपाय नसेल व रोग्याचीं कर्तव्यें पार पडलीं असतील, तर तें औषध देणें उचित आहे.

आपल्या देशांतील पहिलें हॉस्पिस फार दूर नाहीं. वांद्र्याच्या मोत माउलीच्या टेकडीवर कर्करोगाचे शस्त्रवैद्य डॉ. लुईस डिसोझा यांनीं १९८६ सालीं ‘शांति अवेदना सदन’ स्थापिलें. तेथें जातिधर्म न पाहतां विनामूल्य सेवा केली जाते. पुढें गोवा व दिल्ली येथेंही त्याच्या शाखा निघाल्या.

तरीही आपल्या घरोघरीं दोन भ्रम आढळतात. हॉस्पिसांत नेणें म्हणजे माणसास टाकणें, हा एक. आणि पाद्रीसाहेबांस इतक्यांत बोलावूं नका, रोगी घाबरेल, हा दुसरा. त्यामुळें रोगी वेदनेंत तळमळतो, आणि शुद्ध हरपल्यावर अभ्यंगासाठीं धांवाधांव होते. पापनिवेदन, समेट, निरोप, सारें राहून जातें. रोग बरा न होणें निराळें, आणि करण्याजोगें कांहींच न उरणें निराळें. वरील सर्वांनीं हेंच आपल्या कृतीनें दाखविलें आहे. वाचकहो, ज्युबिलीच्या या वर्षीं आपल्या शेजारीं असा कोणी अंथरुणाला खिळला असेल, तर आज संध्याकाळींच त्याच्या उशाशीं घटकाभर जाऊन बसावें, हीच विनंती.