सौंसरच्या आईंची पंचाहत्तरी

माझ्या वहिनीचे माहेर मध्य प्रदेशातले सौंसर. तिच्या आईंची पंचाहत्तरी नागपूरच्या एका मोठ्या हॉटेलात झाली, तेव्हा मी गोव्याहून गेलो होतो.

राजधानी भोपाळ, मग जेवण नागपुरात का? त्याला इतिहास आहे. ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी नागपूरच होती. दुसऱ्या दिवशी राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर मुंबई राज्यात गेले. पांढुर्णा आणि सौंसर हा मराठी मुलूख छिंदवाडा जिल्ह्याबरोबर मध्य प्रदेशातच राहिला. २०२३ मध्ये पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला, सौंसर त्यात आले. सरकारी कागद हिंदीत. पण सोयरीक, दवाखाना, लग्नाची खरेदी यांची वाट अजून नागपूरचीच.

हॉटेलात आईंनी विचारले, "पाटोडीचा रस्सा हाय का रे बाबू?" वेटरने हिंदीत उत्तर दिले. त्यांनी पुन्हा मराठीतच विचारले. तिसऱ्यांदा तो हसला आणि मराठीत बोलू लागला. पोरगा काटोलकडचा निघाला!

मी मात्र गप्प झालो. गोव्यात माझ्या टेबलापाशी कोणी मराठीत विचारले तर मी सवयीने इंग्रजीत उत्तर देतो. सोमवारपासून ते बंद केले.