मिझेरिकॉर्दियाची तेरा आसने

गोव्यात ‘प्रोव्हेदोरिया’ हा शब्द उच्चारला की वृद्धाश्रम आठवतो. गोवा शासनाच्या लोकसाहाय्य संस्थेचे ते रूढ नाव आहे. हे नाव ज्या ‘प्रोव्हेदोर’ शब्दापासून बनले, तो शब्द मात्र फार जुना. सांता काझा द मिझेरिकॉर्दिया, म्हणजे दयेचे पवित्र घर, या नावाच्या कॅथॉलिक बंधुसंघाच्या अध्यक्षाला प्रोव्हेदोर म्हणत. रोग्यांची शुश्रूषा, महारोग्यांना आसरा, निराधार स्त्रियांचा सांभाळ, कैद्यांना अन्न, बेवारशी प्रेतांना मूठमाती, ही सारी कामे जुन्या गोवे शहरात या संघाकडे होती. या दयाधर्माविषयी स्तुतिपर पुष्कळ लिहिले गेले आहे. फेर्रैरा मार्तिंश यांनी तर १५२० ते १९१० एवढ्या कालखंडाचा तीन खंडांचा इतिहास १९१० ते १९१४ या वर्षांत सिद्ध केला. आपण येथे एवढेच पाहू की या घराच्या किल्ल्या कोणाच्या कमरेला होत्या आणि तिजोरीवर नजर कोणाची होती.

मूळ संस्था लिस्बन येथील. राणी लिओनोर हिने १४९८ साली, म्हणजे वास्को द गामा ज्या वर्षी कालिकतला पोहोचला त्याच वर्षी, ती स्थापन केली. सात शारीरिक व सात आध्यात्मिक अशी चौदा दयाकृत्ये हे तिचे ध्येय. तिच्या घटनेला ‘कोंप्रोमिस्सु’ म्हणत. ती १५१६ साली छापली गेली. पुढे पोर्तुगीज गलबते जेथे जेथे नांगर टाकीत तेथे तेथे, ब्राझीलमधील बाहियापासून जपानातील नागासाकीपर्यंत, अशी घरे उभी राहिली. पूर्वेकडील घरांत गोव्याचे घर अग्रगण्य. लिस्बनच्या घटनेचा कित्ता गोव्याने गिरवला आणि येथील परिस्थितीप्रमाणे त्यात फेरफारही केले.

वाचकांना कदाचित नवल वाटेल, पण या धर्मसंस्थेचा कारभार धर्मगुरूंच्या हाती नव्हता. ती गृहस्थांची संस्था होती. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६२ साली रुग्णालये व धर्मादाय संस्था तपासण्याचा अधिकार बिशपांना दिला. परंतु ज्या संस्था प्रत्यक्ष राजाच्या छत्राखाली आहेत त्यांना त्यातून वगळले. मिझेरिकॉर्दिया या अपवादात बसली. म्हणजे तिचे हिशेब पाहण्याचा हक्क बिशपाला नव्हता, आणि राजा होता सहा महिन्यांच्या जलप्रवासापलीकडे. मग उरले कोण? संघाचे बंधू स्वतःच.

म्हणूनच घटनाकारांनी आतल्या व्यवस्थेवर फार बारकाईने विचार केलेला दिसतो. कार्यकारी मंडळाला ‘मेझा’ म्हणत. शब्दशः अर्थ मेज. या मेजाभोवती तेरा जण बसत: प्रोव्हेदोर आणि त्याचे बारा सहकारी. ख्रिस्त आणि त्याचे बारा शिष्य यांचे स्मरण त्या आकड्यात कोणालाही होईल. सहकाऱ्यांत एक चिटणीस, एक खजिनदार. इतरांकडे कैदी, रुग्ण, घरोघरचे गरीब अशी एकेक जबाबदारी, आणि तीही महिन्यामहिन्याने फिरती. मंडळाची मुदत एक वर्ष. मरियेने एलिझाबेथेची भेट घेतली त्या सणाच्या दिवशी, तेव्हाच्या पंचांगाप्रमाणे २ जुलैला, बंधू एकत्र जमत आणि दहा निर्वाचक निवडीत. ते दहा जण नवे मंडळ निवडीत. बंधूंचे वर्ग दोन होते: वरचा उमरावांचा, खालचा कारागिरांचा. मेजाभोवती दोहोंनाही जागा असे. प्रोव्हेदोर मात्र उमराव हवा आणि वयाने चाळिशीच्या आत नको.

लिस्बनची १६१८ ची सुधारलेली घटना आणखी एक पाऊल पुढे गेली. मिळकतीची विक्री वा तत्सम गंभीर व्यवहार मेझाने एकट्याने करू नयेत. त्यासाठी दोन्ही वर्गांतून प्रत्येकी दहा असे वीस सल्लागार बोलवावेत, असे तिने ठरविले. त्यांची निवड १० ऑगस्टला, संत लॉरेन्सच्या दिवशी होई. चर्चची संपत्ती दाखव म्हणून दरडावणाऱ्या रोमन अधिकाऱ्यापुढे या संताने गोरगरिबांना उभे केले, अशी आख्यायिका आहे. तिजोरीच्या राखणदारांसाठी याहून समर्पक दिवस सापडला नसता.

त्याच घटनेत बंधू होण्यासाठी सात अटी आहेत. रक्त शुद्ध हवे, मूर वा यहुदी अंश नको, पत्नीचाही नको. लौकिक निष्कलंक हवा. अविवाहिताने पंचवीस पूर्ण केलेली असावीत. संस्थेची चाकरी वेतनासाठी करणारा तो नसावा. कारागीर असेल तर दुकानाचा धनी असावा, हाताने राबणारा नव्हे. लिहितावाचता यावे. आणि सातवी अट अशी की तो खाऊनपिऊन सुखी असावा, म्हणजे गरिबांच्या पैशांवर हात मारण्याचा मोह त्याला होणार नाही.

या सातव्या अटीपाशी मी पुष्कळ वेळ थबकलो. मोह गरिबाला होतो, श्रीमंताला होत नाही, हे तिचे गृहीतक. शाळेच्या नोकरीत विश्वस्त मंडळांच्या बैठकींना मी कित्येक वर्षे हजर राहिलो आहे. एका संस्थेत इमारत निधीतून ‘हातउसनी’ रक्कम नेणारा गृहस्थ मंडळातील सर्वांत सधन होता, आणि त्याच्याकडे ती परत मागण्याचे धैर्य कोणाला झाले नाही. शिपायाकडून फुटक्या काचेचे पैसे मात्र त्याच बैठकीत वसूल झाले. गोव्याच्या मिझेरिकॉर्दियाचे दुखणे मला याच जातीचे वाटते.

तिच्या तिजोरीत पैसा येई तो बव्हंशी मृतांचा. पोर्तुगालहून येणारा शिपाई येथील हवेत किती दिवस टिकेल याचा भरवसा नसे. आफोन्सु द आल्बुकर्कच्या काळापासूनच्या राजकीय रुग्णालयाची व्यवस्था १५४२ मध्ये मिझेरिकॉर्दियाकडे आली आणि शतकाच्या अखेरीस ती जेझुइटांकडे गेली. १६०८ साली तेथे उपचार घेतलेल्या पिरार द लाव्हाल या फ्रेंच प्रवाशाने तेथील स्वच्छतेची, चांदीच्या व चिनी मातीच्या ताटांची मुक्तकंठाने वाखाणणी केली आहे. तरीही १६०४ ते १६३४ या तीस वर्षांत त्या एका रुग्णालयात २५,००० पोर्तुगीज शिपाई मेले, असा आकडा इतिहासकार देतात. मरणाऱ्याला आपली जोड घरच्या बायकामुलांना पोहोचावी असे वाटे, आणि विश्वास ठेवावा असे ठिकाण एकच होते. मृत्युपत्र मिझेरिकॉर्दियाच्या स्वाधीन होई, मालमत्तेचा लिलाव होई, आणि रक्कम हुंडीने लिस्बनच्या घराकडे जाई. मलाक्क्यात वा मकावमध्ये मेलेल्याची ठेवही या मार्गाने गोव्यात येई. वारसांचा पत्ता लागेपर्यंत ती तेथे पडून राही.

पडून राहिलेल्या पैशाकडे सरकारचे लक्ष जाते. सतराव्या शतकात डचांनी समुद्र अडवला. १६३६ पासून तर हंगामामागून हंगाम त्यांची गलबते गोव्याच्या मुखाशी ठाण मांडून बसू लागली. आरमाराला पैसा हवा, शिपायांचे पगार थकलेले. अशा वेळी विजरईने मिझेरिकॉर्दियाकडे कर्ज मागितले तर नाही कोण म्हणणार? नगरसभा आणि मिझेरिकॉर्दिया या पोर्तुगीज वसाहतींच्या दोन आधारशिला होत, असे इंग्रज इतिहासकार बॉक्सर यांनी १९६० नंतरच्या दशकात दाखवून दिले. तीच घराणी आलटूनपालटून दोन्हीकडे बसत. खुद्द विजरई वा राज्यपालही प्रोव्हेदोर होत असत. म्हणजे कर्ज मागणारा आणि देणारा एकाच मेजाच्या दोन बाजूंना नव्हे, एकाच खुर्चीत! वार्षिक निवडणूक, वीस सल्लागार, सात अटी ही सारी कुलुपे लहान चोरासाठी होती. ज्याच्यापाशी मूळ किल्लीच होती त्याच्यासाठी कुलूप नव्हते. मिन्होतल्या कोणा विधवेला मुलाच्या वारशाची वाट पाहत बसावे लागले असेल. तिचा आवाज मात्र त्या तेरा आसनांपर्यंत पोहोचण्याचा मार्गच घटनेत ठेवलेला नव्हता.

दुसरी अडचण पहिल्या अटीत आहे. राजकीय रुग्णालय पोर्तुगिजांसाठी राखीव. येथील ख्रिस्ती लोकांसाठी मिझेरिकॉर्दियाने वेगळे रुग्णालय चालविले, महारोग्यांसाठी संत लाझाराचे. दया एतद्देशीयांनाही मिळे यात शंका नाही. पण बाप्तिस्मा घेऊन दोन पिढ्या लोटलेल्या साष्टीच्या वा बार्देशच्या माणसालाही त्या काळी बंधूंच्या यादीत स्थान नव्हते. खाटेवर जागा, स्मशानात जागा, मेजावर नाही. यावरून कोणी फार नाके मुरडू नयेत. आमच्या देवस्थानांचा कारभार १९३३ च्या नियमावलीने अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार आणि मुखत्यार अशा निवडलेल्या समितीकडे दिला; परंतु मत देण्याचा हक्क महाजनांचा, आणि महाजन होतात ते जन्माने. पालखी वाहणारे, दिवटी धरणारे, वाजंत्री वाजविणारे यांना हिशेबाची वही कोण दाखवतो?

पुढे काळाने दोन्ही घरांची वाट वेगळी केली. लिस्बनमध्ये एकोणिसाव्या शतकात उदारमतवादी राजवटीने बंधूंचे मंडळ बाजूला सारले. तेथे प्रोव्हेदोर सरकार नेमते. पोर्तुगालच्या इतर गावांतील शेकडो मिझेरिकॉर्दिया मात्र आजही आपापली मंडळे निवडतात, आणि दीर्घ आजाराच्या व अखेरच्या अवस्थेतील रुग्णांसाठी २००६ पासून उभारलेल्या शुश्रूषेच्या राष्ट्रीय व्यवस्थेत त्यांचा मोठा वाटा आहे. गोव्यात जुने शहर रोगराईने ओस पडले तसे घर आणि रुग्णालयही हलले. रायबंदरला मांडवीच्या काठी रुग्णालयाची लांबलचक इमारत उभी आहे. १९९३ पासून काही वर्षे तेथे व्यवस्थापनशास्त्राचे महाविद्यालय भरत असे. त्या वर्गांत सातव्या अटीची चर्चा कधी झाली होती की नाही, हे तेथील एखाद्या माजी विद्यार्थ्याला विचारायचे माझ्या मनात आहे.