ऐकणाऱ्यांचं कोण ऐकतं?

तोंडवली-तळाशीलच्या किनाऱ्यावर रापण ओढताना तुम्ही पाहिली असेल. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी, मधे माडांची चिंचोळी पट्टी. होडीतून जाळं अर्धगोलात सोडतात आणि त्याचे दोन्ही दोर माणसं किनाऱ्यावरून ओढतात. एकट्याला ते ओढवत नाही. दुसऱ्याचं दुखणं ऐकणं हेच ज्यांचं काम, त्या डॉक्टर, शिक्षक, आशा सेविका यांच्या मनावरचं ओझंही असंच असतं. ते मिळून ओढण्याची एक रीत विसाव्या शतकात घडली. तिची ही गोष्ट.

गटाच्या मनाचा अभ्यास करणारे विल्फ्रेड बियॉन जन्मले आपल्या मथुरेत, १८९७ साली. १९४२-४३च्या हिवाळ्यात बर्मिंगहॅमजवळच्या नॉर्थफिल्ड लष्करी रुग्णालयात त्यांनी आणि जॉन रिकमन यांनी मनानं खचलेल्या सैनिकांना गटात बसवलं. गटानं स्वतःच्याच वागण्याकडे पाहायचं, असा तो प्रयोग. सहा आठवड्यांत तो बंद पडला. कल्पना मात्र टिकली.

मायकेल बालिंट हे बुडापेस्टच्या एका डॉक्टरांचे चिरंजीव, स्वतः मनोविश्लेषक. १९५०च्या दशकात लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये एनिड यांच्यासह त्यांनी साध्या दवाखान्यांतले डॉक्टर एकत्र बसवले. एकानं आपल्याला छळणाऱ्या रुग्णाची हकिकत सांगायची, कागद न वाचता, बाकीच्यांनी ऐकायचं. १९५७ साली बालिंट यांचं पुस्तक आलं. त्यांचं म्हणणं असं, की सर्वांत जास्त दिलं जाणारं औषध म्हणजे स्वतः डॉक्टर. पण त्याची मात्रा कुठल्याच ग्रंथात लिहिलेली नाही.

तुम्ही म्हणाल, यात नवल ते काय? मालवणी मुलखात गजालींना तोटा नाही! खरं आहे. गजालीतही हजर नसलेल्याविषयीच बोलणं चालतं. फरक पुढे आहे. बालिंट गटात प्रश्न हळूहळू सांगणाऱ्याकडे वळतो. त्या म्हातारीचा तुम्हाला एवढा राग का आला? तिला टाळावंसं का वाटलं? उपदेश कोणी करायचा नाही. सांगणाऱ्याचं खासगी आयुष्य उकरायचं नाही, आणि ऐकलेलं बाहेर न्यायचं नाही.

मनोविश्लेषण आपल्याला परकं नाही. गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ सालीच कोलकात्यात भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापली. गावोगावच्या आशा सेविका २००५नंतर आल्या. किती लसी टोचल्या, किती बाळंतपणं झाली, याचे आकडे त्या देतात. पण ज्या घरात तान्हं मूल दगावलं, त्या घराच्या पायऱ्या पुन्हा चढताना त्यांना काय वाटलं, हे आकड्यात मावत नाही. नुसत्या वर्षांनी अनुभव वाढत नाही. कोणीतरी ऐकून घेतलं, की मग त्याचा अर्थ लागतो.

त्यासाठी मोठी इमारत लागत नाही. महिन्यातून एक तास, आठ-दहा माणसं, एक जाणता मार्गदर्शक आणि तोंड बंद ठेवण्याची शपथ. दोर ओढणारे हात आपल्याकडे आहेतच.