खरबरीत रंगाची जिल्हई

दुबईच्या नैर्ऋत्येस, १९७९ साली खुल्या झालेल्या जबल अली बंदराच्या आणि १९८५ साली त्याच्या लगत स्थापन झालेल्या मुक्त व्यापारक्षेत्राच्या आश्रयाने जी लोकवस्ती वाढत गेली, तिच्यात 'नखील' कंपनीने या शतकाच्या पहिल्या दशकात उभारलेली डिस्कव्हरी गार्डन्स ही वसाहत तिकडे नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी कुटुंबांच्या चांगल्या परिचयाची आहे. झेन, मोगल, मेडिटरेनियन, कॅक्टस अशी नावे धारण करणाऱ्या तिच्या विभागांत, बुटक्या इमारतींच्या रांगांपुढे उघड्यावर उभ्या असलेल्या गाड्यांतून पंधरा-वीस वर्षे वयाची एखादी गाडी निवडून तिच्याकडे निरखून पाहिले, तर एक विसंगती ध्यानात येते : टप आणि दारे अजून बऱ्यापैकी तेजस्वी असतात, परंतु चाकांच्या कमानींभोवती, दारांच्या तळाशी आणि बंपरावर जो मुद्दाम दाणेदार ठेवलेला काळा रंग असतो, तो पार राखी पडलेला दिसतो. मालक हौसेने त्याच्यावर मेण चोळतो, तर ते मेण खळग्यांत पांढरे होऊन बसते. गॅरेजातला कारागीर त्याच्यावर रबिंगचे यंत्र फिरवतो, तर उंचवट्यांची टोके झिजून तेवढीच चमकतात आणि सारा भाग चट्ट्याचट्ट्यांचा होतो. दोघांचेही हात निर्दोष असतात. दोष आहे तो एका जुन्या शिरस्त्यात, आणि तो शिरस्ता समजण्यासाठी वाहनांच्या रंगकामाचा शंभरेक वर्षांचा इतिहास उलगडून पाहिला पाहिजे.

मोटार अवतरली तेव्हा तिचे रंगकाम तिने घोडागाडीकडून वारसाहक्काने घेतले. युरोप-अमेरिकेतल्या श्रीमंतांच्या बग्ग्या असोत की मुंबईच्या रस्त्यांवरच्या व्हिक्टोरिया असोत, लाकडावर अस्तर द्यावे, भेगा लुकणाने बुजवाव्यात, प्युमिस दगड आणि पाणी यांनी घासून पृष्ठभाग एकसारखा करावा, मग जवसाच्या तेलात खललेल्या रंगाचे हात एकावर एक चढवावेत आणि शेवटी राळेच्या रोगणाचा पारदर्शक लेप द्यावा, अशी ती पद्धत होती. तेलाचा रंग हवेतला प्राणवायू शोषून घट्ट होतो आणि ही क्रिया स्वभावतःच मंद असल्यामुळे एका गाडीचे रंगकाम पुरे होण्यास कित्येक आठवडे लागत. हेन्री फोर्ड यांच्या 'मॉडेल टी' या गाडीला १९१४ पासून १९२५ पर्यंत काळ्याखेरीज दुसरा रंग मिळत नव्हता, यामागे कारखान्याच्या अखंड चालणाऱ्या साखळीला रंग वाळण्याची ही प्रतीक्षा परवडत नव्हती, हेही एक कारण सांगितले जाते. त्या काळी निस्तेज झालेल्या गाडीला तेज आणण्याचा उपाय एकच होता : वरचे रोगण बारीक भुकटीने हलके घासून काढावयाचे आणि ताजे रोगण पुन्हा द्यावयाचे. म्हणजे झिजवणे आणि भरून देणे ही दोन्ही कर्मे तेव्हा जोडीने चालत असत.

ही जोडी १९२३ नंतर फुटली. पहिल्या महायुद्धासाठी स्फोटकांचे प्रचंड उत्पादन करून बसलेल्या ड्यूपाँ कंपनीपाशी नायट्रोसेल्युलोजचे ज्ञान आणि सामग्री मुबलक होती. तिने जनरल मोटर्सच्या सहकार्याने 'ड्यूको' हे लॅकर सिद्ध केले आणि 'ओकलंड' गाडीवर ते प्रथम निळ्या रंगात झळकले. हा लेप केवळ द्रावक उडून गेल्याने वाळत असे. त्यामुळे जे काम आठवड्यांचे होते ते तासांवर आले, मोटारींना नाना रंग मिळू लागले आणि ब्रशाची जागा फवाऱ्याच्या गनने घेतली. मात्र या लॅकरचा एक धर्म असा की, ते गनमधून उतरताना पुरेसे चकचकीत उतरत नसे. कारखान्यातच त्याला घासून, मळून, कापडी चकत्यांनी जिल्हई द्यावी लागे. पुढे उन्हापावसाने ते निस्तेज झाले, तरी बारीक अपघर्षक मिसळलेल्या लगद्याने वरचा मृत पापुद्रा काढताच खालचा ताजा थर पुन्हा चमके. थर जाड होते आणि आरपार एकाच द्रव्याचे होते, म्हणून ही झीज कित्येक वर्षे पचत असे. 'रबिंग कंपाउंड' या वस्तूचा आणि निस्तेज रंग दिसताच तो घासावयाचा या शिरस्त्याचा जन्म असा झाला.

मुंबईने हा शिरस्ता मनापासून आत्मसात केला. १९२० साली लोअर परळ येथे गॅहेगन पेंट्स ही कंपनी निघाली, जिचा वंश आज नेरोलॅक या नावाने ओळखला जातो. १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट या मार्गावर शहराची पहिली मोटारबस धावली. १९२८ साली जनरल मोटर्सने याच शहरात गाड्यांची जोडणी सुरू केली. १९४२ साली, परदेशी रंगांची आयात युद्धामुळे आटली असताना, चार मित्रांनी एशियन पेंट्सचा पाया घातला. आणि वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज आणि प्लिमथ, व पुढे फियाट गाड्या रस्त्यावर आणल्या. या सर्व उद्योगाच्या भोवती डेंटिंग-पेंटिंग करणाऱ्या लहान-मोठ्या कार्यशाळांचे एक स्वतंत्र जग उभे राहिले, ज्यात शिकाऊ पोरगा प्रथम वॉटर पेपर धरावयास शिके, मग लांबी म्हणजे लुकण भरावयास, मग अस्तर मारावयास, आणि वर्षानुवर्षांच्या उमेदवारीनंतर उस्तादाच्या हातची गन त्याच्या हाती येई. ड्यूको हे नाव तर इतके रुजले की, लाकडी कपाटावर गनने मारलेल्या रंगालाही आपल्याकडे आजतागायत ड्यूकोच म्हणतात. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली प्रीमियर पद्मिनी मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने ३० ऑक्टोबर २०२३ रोजी रस्त्यावरून कायमची निवृत्त झाली; परंतु तिच्या पिढीतल्या गाड्यांवर तालीम घेतलेल्या हातांची सवय त्या गाड्यांच्या बरोबर निवृत्त झाली नाही.

तीच सवय समुद्र ओलांडून आखाताच्या मुलुखातही गेली. मुंबई आणि दुबई यांचे दळणवळण खनिज तेलाच्या आधीपासूनचे. भारताच्या रिझर्व्ह बँकेने १९५९ साली आखातासाठी म्हणून वेगळा छापलेला रुपया दुबईच्या बाजारात १९६६ पर्यंत चलन म्हणून वापरला जात होता, यावरून त्या घरोब्याची कल्पना येईल. १९६९ साली दुबईचे तेल निर्यात होऊ लागल्यावर रस्ते, गाड्या आणि गॅरेजे यांची जी वाढ झाली, तिच्यात भारतीय उपखंडातून गेलेल्या कारागिरांचा वाटा फार मोठा आहे. अल कूजच्या औद्योगिक भागातल्या गॅरेजांतून वाळवंटी वाहनांना जो हात लागतो, त्या हातात ही ड्यूकोच्या काळातली वहिवाट अजून जिवंत आहे.

आता दाणेदार रंगाचे कुळ पाहू. तो या परंपरेचा औरस वारस नव्हेच. त्याचा उगम एका दोषात आहे. चीनमध्ये होणाऱ्या टुंग तेलाचे रोगण जाड लेपले, तर त्याचा वरचा पापुद्रा आधी धरतो, खालचे तेल अजून ओले असतानाच तो फुगून पसरू पाहतो, आणि वाळलेल्या पृष्ठभागावर सुरकुत्या पडतात. जुने रंगारी याला नामुष्की समजत. १९२० आणि १९३० च्या दशकांत रसायनज्ञांनी हीच नामुष्की नियमबद्ध केली, आणि टंकलेखन यंत्रे, मापनाची उपकरणे, कॅमेरे व मोटारींचे दर्शनी फलक यांच्यावर बारीक सुरकुत्यांचा काळा लेप मानाने मिरवू लागला. कारण तो बोटांचे ठसे लपवी, प्रकाशाची तिरीप डोळ्यांत येऊ देत नसे आणि खालच्या ओतीव धातूचे ओबडधोबडपण झाकी. १९३७ नंतर चीन-जपान युद्धामुळे टुंग तेलाचा पुरवठा विस्कळीत झाला, तेव्हा रंगाच्या धंद्याने त्याच्या जागी निर्जलित एरंडेल वापरण्याची तजवीज केली. पुढे घणाच्या ठोक्यांचा भास देणारा लेप आला. त्यामागून, चाकांनी उडवलेल्या खड्यांचा मार सोसण्यासाठी, रबरासारखा लवचीक आणि जाड दाण्यांचा लेप गाडीच्या खालच्या अंगाला देण्याची पद्धत सर्वत्र रूढ झाली. या लेपाचा खरबरीतपणा हे त्याचे प्रयोजन आहे. तो घासून सपाट करणे म्हणजे त्याचे कार्यच हिरावून घेणे होय.

मग अशा रंगाला चकाकी म्हणजे तरी काय? या प्रश्नाचे उत्तर प्रकाशाच्या वर्तनात सापडते. सपाट पृष्ठभाग प्रकाश एकाच दिशेने परतवतो, म्हणून तो आरशाप्रमाणे चमकतो. दाणेदार पृष्ठभाग तो चहूकडे विखुरतो, म्हणून तो मंद दिसतो. या लेपावर दोन प्रकारचा खरबरीतपणा असू शकतो. एक, रंगाऱ्याने हेतुपूर्वक दिलेला, बोटाला जाणवणारा, मिलिमीटरच्या अंशांत मोजता येणारा. आणि दुसरा, काळाने दिलेला, डोळ्यांना वेगळा न दिसणारा, मायक्रॉनमध्ये मोजण्याइतका सूक्ष्म. सूर्याचे जंबुपार किरण राळेचे रेणू तोडतात, बंधनातून सुटलेले रंगकण पृष्ठभागी भुकटी होऊन बसतात, आणि या सूक्ष्म भुकटीने प्रकाश इतका विखुरतो की काळा रंग करडा भासू लागतो. दाणेदार रंगाला जिल्हई देणे म्हणजे हा दुसरा खरबरीतपणा दूर करणे आणि पहिल्याला धक्का लागू न देणे. या एका वाक्यात सारी विद्या सामावली आहे.

डिस्कव्हरी गार्डन्ससारख्या ठिकाणी हा दुसरा खरबरीतपणा विशेष वेगाने येतो. उन्हाळ्यात हवेचे तापमान ४५ अंशांच्या पुढे जाते आणि काळा पृष्ठभाग त्याहून कितीतरी अधिक तापतो. रात्री समुद्रावरून येणारी दमट हवा दवाच्या रूपाने गाडीवर उतरते, दिवसाची धूळ तिच्यात कालवली जाते आणि सकाळच्या उन्हात ती खळग्यांतून घट्ट वाळते. वाळूतली गारगोटी काठिण्याच्या प्रमाणावर सातव्या क्रमांकाची, म्हणजे कोणत्याही रंगाहून कठीण आहे. त्यात सार्वजनिक वाहनतळावर मळकी गाडी टाकून जाणाऱ्यावर नगरपालिका ५०० दिरहम दंडाची तरतूद ठेवते. साहजिकच गाड्या वरचेवर पुसल्या जातात, पण पाण्याच्या काटकसरीमुळे बहुधा ओल्या फडक्यानेच. ते फडके वाळूचे कण उंचवट्यांवरून ओढत नेते आणि खळग्यांत दाबून बसवते. स्वच्छतेच्या सदिच्छेनेच रंगाचे आयुष्य असे कमी होत जाते.

तांब्याचे भांडे चिंचेने कितीही वेळा घासले तरी खाली तांबेच असते. मोटारीच्या रंगाची गोष्ट तशी नाही. आजच्या गाडीवर अस्तर, रंग आणि १९८० च्या दशकापासून सार्वत्रिक झालेला वरचा पारदर्शक लेप मिळून सारी जाडी मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास भरते, आणि दाणेदार भागावर तर उंचवट्याच्या माथ्याशी लेप सर्वांत आधी झिजतो. म्हणून जाणता कारागीर येथे क्रम बदलतो. तो गाडी सावलीत घेतो आणि पत्रा थंड होईपर्यंत थांबतो. भरपूर पाणी सोडून सैल धूळ वाहून जाऊ देतो. सौम्य साबणाच्या फेसात बुडवलेला मऊ, लांब केसांचा ब्रश गोलाकार फिरवून खळग्यांच्या तळापर्यंत नेतो. जुन्या मेणाचा पांढरा साका आणि तेलकट थर सौम्य द्रावणाने, अनेक वेळा थोडाथोडा करून काढतो. आणि भाग संपूर्ण वाळल्यावरच पुढचा विचार करतो. राळ शाबूत असेल, तर अंधूकपणा एवढ्यानेच पुष्कळ उतरतो आणि त्यावर न चिकटणाऱ्या संरक्षक द्रवाचा अत्यंत पातळ हात पुरेसा होतो. राळ मेली असेल, म्हणजे धुतल्यावरही बोटाला काळी भुकटी लागत असेल, तर ती भुकटी काढून अर्धचकाकीचा पारदर्शक लेप धुक्यासारखा, खळगे न भरता, गनने द्यावा लागतो. आणि दाणाच नाहीसा झाला असेल, तर नवा दाणेदार लेप मारण्यास पर्याय उरत नाही. त्यासाठी गनमधला हवेचा दाब उतरवून थेंब जाड पडू द्यावे लागतात, आणि शेजारच्या जुन्या दाण्याशी नव्याचा मेळ बसवणे हीच तेव्हा कारागिराच्या नजरेची कसोटी ठरते. यांपैकी कोणताही उपाय आधी दाराच्या आतल्या कडेसारख्या दृष्टिआड जागी करून पाहावा, ही सावधगिरी सर्वांना लागू आहे. जवसाचे तेल चोपडून तात्पुरता काळेपणा आणण्याची जुनी युक्ती मात्र वाळवंटात टाळावी; ते तेल सावकाश वाळते, आणि वाळेपर्यंत उडती धूळ आपल्याशी बांधून ठेवते.

रंगकामाच्या प्रत्येक युगाने आपापल्या द्रव्याला साजेशी शुश्रूषा शोधली होती : रोगणाच्या काळात झिजवून पुन्हा लेपण्याची, ड्यूकोच्या काळात घासण्याची, सुरकुत्यांच्या आणि दाण्यांच्या लेपासाठी धुण्याची. एका युगाची शुश्रूषा दुसऱ्या युगाच्या द्रव्यावर लादली की तिचा उपद्रव होतो. आपल्या जुन्या गाडीवर लोभ असणाऱ्या प्रत्येक मराठी कुटुंबाला, मग ते जबल अलीच्या उन्हात राहत असो की कुर्ल्याच्या पावसात, आग्रहाची विनंती एवढीच आहे की, रबिंगचा डबा उघडण्यापूर्वी त्या भागावरून एकदा बोट फिरवून पाहावे; बोटाला दाणा लागला, तर डबा बंद करून पाण्याची बादली आणि मऊ ब्रश आणावा.